दयेकडे पाय करून

आधी बाईंचं सांगतो, मग काय घडलं ते. उलट क्रमाने सांगितलं तर सगळं मीच केलं असं वाटेल, आणि तसं ते नव्हतं.

बर्मिंगहॅमला आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी बाई फुकट इंग्रजी शिकवायच्या. शाळेत नाटक शिकवून निवृत्त झालेल्या. नाटक हा शाळेत विषय असतो हेच मला तेव्हा कळलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, बारा महिने तेच हिरवं कार्डिगन, चष्मा गळ्यात दोरीला. त्या शहरात कुणीही कुणालाही 'बॅब' म्हणतं, आपण 'बाळा' म्हणतो तसं. बसवाला म्हणतो, पोस्टातली बाई म्हणते. मिशा पिकायला लागलेल्या मलाही बाई बॅबच म्हणायच्या. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू'. पण माझ्या कानाला बाईंचा तो यू कायम 'तू' असाच ऐकू आला, म्हणून इथे तसाच लिहितो.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. सिंधुदुर्गातल्या गावातून आधी गोव्याच्या हॉटेलात, मग मुंबईच्या, आणि तिथल्या ओळखीने वर्क परमिटवर इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर. राहायला रेस्टॉरंटच्याच वरची खोली. बायको आणि मुलगी गावाला. कायम राहायची परवानगी मिळाली की दोघींना आणायचं असं ठरलं होतं. तेवढ्यात नियम बदलला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, इथे दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवीन यायचं. आता त्या परवानगीसाठी इंग्रजीची परीक्षा आली. समोर माणूस बसणार, आपण बोलायचं. जमलं तर बायको-मुलगी इकडे, नाही जमलं तर मी तिकडे.

मला इंग्रजी अजिबात येत नव्हतं असं नाही. किचनमधलं येत होतं. ऑर्डर समजायची, शिव्याही समजायच्या. पण समोर इंग्रज माणूस उभा राहिला की मी काढता पाय घ्यायचो. खोलीतला फोन वाजला की मी उगाच आंघोळीला जायचो. एकदा दाढ ठणकत होती म्हणून डेंटिस्टकडे गेलो. काउंटरवरच्या मुलीने काय होतंय म्हणून विचारलं. मी 'थँक यू' म्हणून परत आलो आणि पुढचे काही दिवस लवंग चावून काढले.

ही दाढेची हकीकत मी ज्यांना सांगितली त्या ताई आमच्याकडे टेकअवे न्यायला यायच्या. नागपूरच्या, मोठ्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. मी मागच्या दाराशी उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून त्यांनी गाडीतून हाक मारली होती. तेव्हापासून ओळख.

"भाऊ, एवढे घाबरता काऊन? इंग्रजच आहे तो, वाघ नाही."

"वाघ असता तर बरं झालं असतं, ताई. वाघ काही विचारत नाही."

ताई हसल्या आणि पुढच्या मंगळवारी, आमच्या रेस्टॉरंटच्या सुट्टीच्या दिवशी, मला त्यांच्या गाडीतून चर्चच्या हॉलवर घेऊन गेल्या. ड्यूटी नसेल त्या मंगळवारी त्या तिथे बाईंना मदत करायच्या. मी मध्येच उतरून पळेन अशी त्यांना शंका होती, आणि ती बरोबर होती.

बाईंनी पहिल्या दिवशी मला काही विचारलं नाही. फक्त चहाच्या मोठ्या भांड्याजवळ उभं केलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'मिल्क? शुगर?' एवढं विचारायला लावलं. दोनच शब्द. पण दोन शब्द विचारले की समोरचा उत्तर देतो, आणि आपण विचारणारे होतो, उत्तर देणारे नाही. ही युक्ती होती हे मला फार उशिरा समजलं.

वसंत ऋतूत बाईंनी जाहीर केलं की जुलैच्या रविवारी चर्चच्या जत्रेत, म्हणजे त्यांच्या उन्हाळी फेटमध्ये, आपण नाटक करणार. फार जुन्या पद्धतीचं. पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात धर्माची नाटकं गाडीवर उभं राहून व्हायची, आणि ती करणारे नट नसायचे, सुतार, खाटीक, विणकर असे धंदेवाले असायचे. "म्हणून मला तुम्हीच हवे आहात," बाई म्हणाल्या. "ज्यांना दुसरं काम आहे असे लोक."

अशा चार-पाच जुन्या नाटकांचे तुकडे घेऊन बाईंनी स्वतःचं एक शिवलं होतं. त्यात कुणालाच नाव नव्हतं. नायकाचं नाव नुसतं माणूस. बाकीचे म्हणजे गर्व, लोभ, क्रोध, मत्सर, आळस आणि त्यांच्या विरुद्ध बाजूला धीर, दान, दया. सगळी मनातली माणसं, पण अंगात कपडे घालून, पायावर चालत, एकमेकांशी भांडत. ती जुनी नाटकं लिहिणाऱ्यांची नावंही बहुतेक कुणाला ठाऊक नाहीत असं बाई म्हणाल्या. मला ते फार आवडलं. म्हणूनच इथे मीही कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

ताईंनी मोजून पाहिलं. "आपल्याकडे षड्रिपू, म्हणजे सहा. यांच्याकडे सात असतात म्हणे. आपल्या यादीत आळस नाहीच की हो!"

"का नसेल?"

"आपण त्याला शत्रू कुठे मानतो, भाऊ? आपण त्याला दुपारचा पाहुणा मानतो."

आणि तो पाहुणा माझ्या वाट्याला आला. सकाळी दहाला कणीक तिंबायला सुरुवात करून रात्री तंदूर विझवणाऱ्या माणसाला बाईंनी आळस केलं. ताई गर्व झाल्या. "इस्पितळात सराव झालेला आहे," असं त्या स्वतःच म्हणाल्या. माणूस झाला जमैकाहून तरुणपणी आलेला एक निवृत्त बसड्रायव्हर. त्याचं हसणं हॉलच्या बाहेर बसस्टॉपपर्यंत ऐकू जायचं. दया स्वतः बाई.

नाटकाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माणूस वाटेने निघालेला असतो. एकेक दुर्गुण त्याला भेटतो, पण कुणीही आपलं खरं नाव सांगत नाही. लोभ म्हणतो, माझं नाव काटकसर. गर्व म्हणतो, मी स्वाभिमान. क्रोध म्हणतो, मला न्याय म्हणतात. माणूस भोळा, तो सगळ्यांना बरोबर घेतो. शेवटी आळस येतो, म्हणतो माझं नाव विश्रांती, आणि माणसाच्या कोटाचं टोक अंगाखाली घेऊन त्यावर झोपून जातो. आता माणसाला हलता येत नाही. मग हातात कंदील घेऊन दया येते आणि प्रत्येकाला विचारते, 'तुझं खरं नाव काय?' खरं नाव तोंडातून निघालं की त्या दुर्गुणाची ताकद जाते आणि तो गाडीवरून उतरतो. फक्त आळस उत्तर देत नाही. तो झोपलेलाच राहतो. मग माणसाला कळतं, की याला उठवत बसलो तर जन्म जाईल. तो कोट अंगातून काढतो, आळसाखाली तसाच टाकतो आणि उघड्या अंगाने दयेबरोबर निघून जातो.

काय डोकं चाललं असेल ज्यांनी अशी नाटकं शोधून काढली त्यांचं! आपल्या आतला गोंधळ त्यांनी बाहेर काढून गाडीवर उभा केला. म्हटलं, बघा, हा तो. मला तर किचनमध्येही ते दिसायला लागले. हेड शेफ पातेलं आपटून ओरडला की मी मनात म्हणायचो, आला न्याय. शेठ उरलेल्या चटणीत पाणी घालायला सांगायचे तेव्हा, नमस्कार काटकसरसाहेब. पूर्वी या गोष्टींचा नुसता त्रास व्हायचा. नाव कळल्यावर थोडं हसूही यायला लागलं.

गाडीवर असं उभं राहून धर्म सांगायची रीत मला परकी वाटली नाही. आमच्याकडे जत्रेला देवळासमोर दशावतार होतो. माझा मामा त्यात काम करायचा. दिवसा शेतात, रात्री राजाच्या वेषात. त्यातही पहिल्याच प्रवेशात एक राक्षस येऊन लोकांची टर उडवतो आणि तोच सगळ्यात जास्त आवडतो. बाईंच्या नाटकातही दुर्गुणच लोकांशी गप्पा मारायचे, सद्गुण बिचारे सरळ बोलायचे. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. मामा म्हणायचा, "शब्द पाठ करूचे नसतत रे. कथा पोटात ठेवूची, शब्द आपसूक येतत." आम्ही पोरं देवळासमोर चटईवर झोपून जायचो. पण देवाचं सोंग आत आलं की आई पायावर चापट मारायची. "पाय आवर रे, देव इलो." झोपेतच आम्ही पाय पोटाशी घ्यायचो. तो कालपर्यंत आमच्याबरोबर नदीत डुंबणारा माणूस आहे हे आम्हाला माहीत असायचं. तरी पाय आवरायचे. सोंग घेतलं की तो देव.

तर तालमीत अडचण आली ती इथे.

आळसाने झोपायचं ते दया ज्या बाजूने चढते त्या बाजूला पाय करून. दया समोर येते आणि तिला दिसतात आळसाचे तळवे. बाई म्हणाल्या, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही या एका गोष्टीवरून आळस कळला पाहिजे. मी मान हलवली आणि उलटा झोपलो, डोकं दयेकडे.

"बॅब, उलटा."

मी उठलो, फिरलो, पुन्हा डोकं दयेकडेच.

"डावं-उजवं चुकतंय का त्याचं?" बाईंनी ताईंना विचारलं. माझं डावं-उजवं पक्कं होतं. पण ज्या बाईंनी मला शिकवलं, ज्या वयाने माझ्या आईएवढ्या, त्यांच्याकडे तळवे करून मी कसा झोपणार? आणि हे इंग्रजीत सांगायचं कसं? मी आपला 'सॉरी, सॉरी' म्हणत गोल गोल फिरत होतो. शेवटी ताईंनी सांगितलं, की आमच्यात गुरूकडे पाय करत नाहीत.

बाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "पण तू माझ्याकडे पाय करत नाहीस. आळस दयेकडे करतोय."

मी म्हणालो, "येस मिस. बट लेग्ज आर माय लेग्ज."

बसड्रायव्हर असा हसला की चहाचे कप वाजले. बाईंनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण पुढच्या तालमीला त्या येताना एक मोजांचा जोड घेऊन आल्या. लाल लोकरीचे, गुडघ्यापर्यंत लांब, अंगठ्याजवळ भोक पडलेले. "हे आळसाचे पाय," म्हणाल्या. "तुझे तू आत ठेव."

मोजे घालून, डोळे गच्च मिटून, मला ते जमायला लागलं. मनातल्या मनात दर वेळी माफी मागायचो ती वेगळी.

एक प्रश्न मात्र मला सतावत होता. एके दिवशी तालीम संपल्यावर खुर्च्या उचलताना मी तो धीर करून विचारला. "मिस, यात सगळे आहेत. भीती कुठे आहे?"

बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "नाहीये खरी. मी तिचा विचारच केला नाही. कशी दिसते ती?"

मग मी बोललो. तुटकं, क्रियापदांचे काळ चुकवत, पण बोललो. की ती कपडे स्वच्छ घालते. खूप नम्र असते. कुठेही मी जायच्या आधी ती तिथे पोचलेली असते, माझ्या खुर्चीवर बसलेली. म्हणते, तू कशाला त्रास घेतोस, तू घरीच थांब. फोन वाजला की मला आंघोळीला पाठवते ती तीच.

बाईंनी मध्ये एकही शब्द दुरुस्त केला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "आणि ती आपलं नाव काय सांगते?"

मी शेजारची खुर्ची घडी करायला लागलो. बाईंनी खुर्ची उचलली आणि आम्ही हॉल आवरला.

जुलैचा तो रविवार आला. लाकूडवाल्याने उघड्या पाठीची लॉरी दिली होती, ती चर्चच्या हिरवळीवर उभी केली. बाजूला केक, जुनी पुस्तकं, कुंड्या विकायला ठेवलेल्या. पाऊस येणार की नाही यावर जो तो बोलत होता, आणि तो येईना. मी सकाळपासून लॉरीभोवती फेऱ्या मारत होतो. लोक खूप होते. पुढच्या महिन्यात परीक्षा होती. इथे चार शब्द बोलता आले नाहीत तर तिथे काय होणार हे दिसणारच होतं.

"भाऊ, तुम्हाला तर झोपायचं आहे," ताई म्हणाल्या. गर्वाचा वेष म्हणून त्यांनी मोरपिसांचा मुकुट घातला होता आणि त्या लग्नातला शालू नेसल्या होत्या. "मला बघा, हा शालू नेसून लॉरीवर चढायचं आहे."

नाटक सुरू झालं. गर्वाने लोकांना नावं ठेवली, लोकांनी गर्वाला. लोभ लोकांच्या हातातले केक मागत फिरला, आणि एका म्हातारीने खरंच त्याला केक दिला तेव्हा तो गडबडला. माझी पाळी आली. 'माझं नाव विश्रांती' आणि त्यापुढच्या तीन ओळी मी कशाबशा म्हटल्या, आवाज पुढच्या रांगेपलीकडे गेला नसेल. मग जांभई दिली, माणसाच्या कोटाचं टोक अंगाखाली घेतलं आणि लाल मोजे दयेच्या बाजूला करून आडवा झालो. सुटलो एकदाचा, असं वाटलं. आता काहीच बोलायचं नव्हतं.

डोळे मिटून मी ऐकत होतो. एकेकाला दया विचारत होती, 'तुझं खरं नाव काय?' आणि एकेक जण नाव सांगून उतरत होता. गर्व उतरताना शालूचा आवाज आला. मग लाकडी फळ्यांवर अनवाणी पावलं वाजली. आता ती माझ्याकडे येत होती.

मी डोळे उघडायला नको होते. तालमीत बाई हिरव्या कार्डिगनमध्ये असायच्या. आज त्या पायघोळ पांढऱ्या वस्त्रात होत्या, केस मोकळे, भर दुपारी हातात पेटलेला कंदील. त्या बाई नव्हत्याच. सोंग आत आलं होतं. माझ्या पायावर चापट बसली. खरंच बसली असं अजून वाटतं. पाय आवर रे.

पाय आपोआप पोटाशी आले. मी उठून बसलो, हात जोडले, वाकलो आणि दयेच्या पायांवर डोकं टेकवलं.

लोकांना ते नाटकातलंच वाटलं असणार. मला मात्र त्याच क्षणी कळलं मी काय करून बसलो ते. आळस उठला होता. कोट सुटला होता. बाईंचा शेवट, ज्यासाठी त्यांनी सगळं रचलं होतं, तो माझ्या पायांनी बुडवला होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बसड्रायव्हर दिसला. कोटाचं मोकळं टोक हातात धरून तो त्याच्याकडे बघत होता.

बाईंनी एक श्वास घेतला. मग वाकून, दयेच्याच आवाजात, त्यांनी मला विचारलं जे लिहिलेलं नव्हतं ते. "तू उठलास. मग तुलाही विचारते. तुझं खरं नाव काय?"

कागदात माझ्या पात्राचं नाव 'आळस' होतं. ते सांगून उतरलो असतो तरी चाललं असतं. पण मामाने सांगितलं होतं तसं झालं, कथा पोटात होती आणि शब्द आपसूक आले. मी इंग्रजीत म्हणालो, "मी आळस नाही. मी खूप काम करतो. सकाळपासून करतो. मी झोपलो होतो कारण झोपलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. माझं नाव भीती."

हे मोठ्याने निघालं. मागे कुंड्यांच्या टेबलापर्यंत गेलं, ताईंनी नंतर सांगितलं.

दयेने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ मग, बॅब."

पाचशे वर्षांत कुठल्या दयेने कुणाला बॅब म्हटलं नसेल. अख्खी हिरवळ हसली. आणि त्या हसण्यात बसड्रायव्हरने कोट झटकला, बटणं लावली आणि लोकांना म्हणाला, "बस वेळेआधी आलीय. आयुष्यात पहिल्यांदा. मी चढतो बाबा." तो कोट घालूनच दयेबरोबर निघाला. मी मागे उरणार होतो, पण त्याने माझं मनगट धरलं आणि मलाही नेलं. लाल मोजे घातलेली भीती, कोट घातलेला माणूस, कंदील घेतलेली दया, असे आम्ही तिघं लॉरीवरून उतरलो.

मी लॉरीमागे बाईंची माफी मागायला लागलो. 'सॉरी मिस' च्या पुढे मला जाऊच दिलं नाही त्यांनी. कंदील फुंकून विझवला आणि म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं, ती आपलं नाव काय सांगते. आळस सांगते, हे उत्तर द्यायला तू फार वेळ लावलास." आणि मग, चष्मा शोधत, "पण माझा शेवट गेला तो गेलाच. आळस तू मला देणं लागतोस, हे लक्षात ठेव."

पुढच्या महिन्यात कॉलेजमध्ये परीक्षा झाली. मी गेलो तेव्हा ती आधीच तिथे पोचली होती, नेहमीसारखी, स्वच्छ कपडे घालून माझ्या खुर्चीवर. मी मनात म्हटलं, ओळखलं तुला, सरक जरा. ती उठून गेली असं नाही म्हणत. सरकली. परीक्षा घेणाऱ्या तरुण बाईंनी सांगितलं, अलीकडे इतर लोकांबरोबर केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला. मी लॉरीपासून सुरुवात केली. त्यांनी विचारलं, तुमचं काम काय होतं? म्हटलं, झोपायचं. पण मी उठलो. त्यांनी का म्हणून विचारलं, आणि मला आमची जत्रा सांगावी लागली, चटई सांगावी लागली, आईची चापट सांगावी लागली. वेळ संपल्याची खूण झाली तरी त्या ऐकत होत्या. बाहेर आलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की मी बोलताना घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं.

पास झालो. परवानगी मिळाली. बायको आणि मुलगी आल्या, आणि आम्ही मँचेस्टरला आलो. इथे एका हॉटेलात काम मिळालं, राहायला किचनच्या वरची नाही, वेगळी खोली मिळाली. मुलगी आता ट्राममध्ये माझ्याआधी तिकिटाचं बोलून टाकते आणि मला राग येतो, की मला बोलू दे ना. दाढ मी मागच्या वर्षी काढून घेतली. कुठली, कधीपासून, किती दुखते, सगळं सांगून.

बाईंचं पुढच्या वर्षी नाटक झालं नाही. पायऱ्यांवरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशनला भूल ताईंनीच दिली. "झोपायच्या आधी मला विचारतात, तुझं खरं नाव काय," ताई फोनवर सांगत होत्या. "मी म्हटलं, मिस, आज गर्वच आहे, शांत झोपा." आता त्या काठी घेऊन चालतात. मंगळवारचा वर्ग सुरू आहे. आम्ही ट्रेनने भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या मुलीला चहाच्या भांड्याजवळ उभं केलं. सवय. मग मला म्हणाल्या, कंबर साथ देईल तेव्हा लॉरी पुन्हा निघणार आहे, शेवट त्यांना लिहिला होता तसाच हवा आहे, आणि आळस शोधायला त्या दुसरीकडे जाणार नाहीत.

परतीच्या ट्रेनमध्ये मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती, ती एकदम वळली. "बाईंकडे पाय करणार तुम्ही? ज्यांनी आम्हाला इकडे आणलं त्यांच्याकडे?"

"हो."

"आणि देव आले तरी?"

"तरी."

ते लाल मोजे मी जपून ठेवले आहेत. भोक बायकोने शिवायला घेतलं होतं, मी शिवू दिलं नाही. बाई, लॉरी ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी मँचेस्टरहून येईन, तुमच्याकडे तळवे करून आडवा होईन, आणि तुम्ही कंदील घेऊन कितीही वेळ समोर उभ्या राहिलात तरी उठणार नाही. माणसाला कोट टाकूनच जावं लागेल. तेवढं देणं माझ्याकडे आहे, आणि ते मी फेडणार.